नवी वही, जुनी पत

आपल्या मराठी माणसाला वर्षातून तीनदा नवे वर्ष लागते. चैत्रात गुढी उभारली की एकदा, दिवाळीच्या पाडव्याला पेढीवरच्या वह्या बदलल्या की दुसऱ्यांदा, आणि एक जानेवारीला कचेरीच्या भिंतीवरचे कॅलेंडर बदलले की तिसऱ्यांदा. आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात वास्तविक शेवटचे तेवढे आपले. पण शेजारधर्म नावाची वस्तू अशी चिवट आहे की पहिली दोन्ही नववर्षे ताटावरच्या रुमालाखालून आपोआप घरात येतात. दिवाळीत शेजारून आलेली ताटे आम्ही नाताळात भरून परत करतो. दोन्ही वेळच्या करंज्या इतक्या सारख्या असतात की कोणती कोणत्या धर्माची हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही.

या तिन्ही नववर्षांत मला मनापासून आवडतो तो मधला, व्यापाऱ्यांचा पाडवा. त्यात मोठे शहाणपण आहे. हिशेब आता यंत्रावर गेले, तरी पूजेपुरती लाल कापडाच्या बांधणीची एक वही अजूनही आणली जाते. पहिल्या पानावर श्री लिहितात, कुंकू वाहतात, बाकीची पाने कोरी. पुढच्या वर्षी गुळाचा भाव चढेल की पडेल, कोणाला ठाऊक नसते. तरीही शेठजी परगावच्या दुकानदाराला उधारीवर माल पाठवायला तयार असतात. कशाच्या जोरावर? "त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे," एवढ्याच जोरावर. व्यापारी भाषेत याला पत म्हणतात. बाजार काय करील हे कोणालाच सांगता येत नसले तरी पत असते, कारण ती माणसाच्या स्वभावावर उभी असते. वही दर वर्षी नवी येते. पत मात्र जुनीच असावी लागते.

हे सारे सुचण्याचे निमित्त एक पत्र. या सदराच्या एक वाचक भगिनी आहेत. अधूनमधून लिहितात, बहुधा माझे व्याकरण सुधारण्यासाठी. या खेपेचे पत्र निराळे होते. आषाढात त्यांचे यजमान गेले. एकतीस वर्षे पाडव्याला त्यांना ओवाळले. यंदा ते तबक फळीवरच राहणार. बाई लिहितात, "लोक नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात तेव्हा आता भीती वाटते. मागच्या वर्षीही सर्वांनी त्याच दिल्या होत्या. तुमच्या धर्मात देवावर भरवसा ठेवा असे फार सांगतात, असे ऐकते. तो भरवसा कशाच्या भरवशावर ठेवायचा, हे कधी लिहा."

ओवाळण्याच्या तबकाचे काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण शेवटचा प्रश्न खरा आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाही. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात फराळाच्या गप्पा बाजूला ठेवून त्याकडेच वळतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. पुढच्या वर्षी काय घडेल हे बायबल सांगत नाही. त्यातून तारखा आणि भाकिते काढणारे लोक आहेत. त्यांच्या वाटेला मी जात नाही. त्या ग्रंथाला पुढच्या वर्षापेक्षा ज्याच्या हातात वर्ष आहे त्याचा स्वभाव सांगण्याची हौस अधिक आहे. आणि तो स्वभाव नवे वर्ष उजाडताना मोठ्याने आठवावा, ही रीत ख्रिस्ती लोकांच्याही आधीची, यहुद्यांची आहे.

यहुदी पाहायला आपल्याला जेरुसलेमपर्यंत जायला नको. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून गावात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल हे आपलेच, मराठी बोलणारे लोक. त्यांतले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलात गेले, तरी मुंबई-ठाण्याकडे थोडी कुटुंबे आहेत. आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास त्यांचे वर्ष सुरू होते. त्या दिवसाला त्यांनी नाव दिले 'नव्याचा सण'. किती साधे आणि किती मराठी! या सणापासून प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतच्या यहुदी प्रार्थनांत देवाच्या तेरा गुणांची एक यादी पुन:पुन्हा म्हटली जाते. ती आली आहे निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायातून. ख्रिस्ती माणूस देवाच्या स्वभावाविषयी बोलू लागला की त्यालाही फिरून तिथेच यावे लागते.

ही यादी कोणत्या वेळी सांगितली गेली ते पाहण्यासारखे आहे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेले लोक सीनाय डोंगराच्या पायथ्याशी उतरलेले. मोशे डोंगरावर गेला, त्याला यायला उशीर झाला, आणि एवढ्यात यांनी बायकापोरांच्या कानांतले दागिने वितळवून सोन्याचे वासरू उभे केले. मोशे खाली आला, तो देखावा पाहिला आणि हातातल्या आज्ञांच्या दोन्ही दगडी पाट्या त्याने आपटून फोडल्या. करार झाला नाही तोच मोडला. मग पुन्हा वर बोलावणे आले. पहिल्या पाट्या देवाने स्वतः घडवलेल्या होत्या; या वेळी मात्र मोशेला सांगण्यात आले की दगड तूच घडवून आण. तो पहाटे उठून दोन कोऱ्या पाट्या घेऊन डोंगर चढला, आणि त्या वेळी देवाने आपला स्वभाव आपल्या तोंडाने सांगितला. म्हणजे पहिली वही खराब झाल्यावर, दुसरी उघडताना. सारे सुरळीत चालले असते तर तो सांगण्याची गरजही कदाचित पडली नसती.

आता त्या यादीतले शब्द. मूळ हिब्रूत ते मोठे घरगुती आहेत. मराठी बायबलात 'मंदक्रोध' असा भारदस्त शब्द येतो, तिथे हिब्रूत शब्दशः अर्थ आहे 'लांब नाकपुड्यांचा'. हसू नका. हिब्रू भाषेत नाक आणि राग या दोहोंना एकच शब्द आहे, 'अफ'. मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपणही अमक्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असे म्हणतोच. प्रत्येक घरात असा एक आखूड नाकाचा माणूस असतो. चहा निवाला, पेपर उशिरा आला, न्हाणीघराचे दार कोणी आतून लावले, की राग शेंड्यावर हजर. त्या जुन्या यहुद्यांचे म्हणणे असे की देवाचे नाक लांब आहे. राग शेंड्यापर्यंत यायला फार वेळ लागतो. इतका सुटसुटीत देवविचार मी मोठमोठ्या ग्रंथांत पाहिलेला नाही.

दुसरा शब्द 'रहूम', म्हणजे कळवळ्याचा. तो ज्या धातूचा, त्याच धातूपासून 'रेहेम' हा शब्द आहे, आणि रेहेम म्हणजे आईचे गर्भाशय. देवाची दया ही राजाने सिंहासनावरून फेकलेली मोहर नव्हे. आईच्या पोटातून उठणारी कळ आहे. ज्ञानेश्वरांना आणि विठोबाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे कोणी समजावून सांगायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली तेव्हा काही परदेशी मंडळींना ते चमत्कारिक वाटले असेल, पण हिब्रू जाणणाऱ्याला वाटू नये.

तिसरा शब्द 'हेसेद'. भाषांतरकारांची या शब्दाने पुरेवाट केली आहे. कोणी दया म्हणतो, कोणी प्रीती, कोणी निष्ठा. मला वाटते, आपला 'ऋणानुबंध' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. एकदा नाते जुळले की समोरचा लायक असो नसो, मागे हटायचे नाही, अशा जातीची ती प्रीती. आणि चौथा 'एमेत', सत्य. पण हे सत्य कोर्टातल्या साक्षीचे नव्हे. ज्यावर भार टाकला तर ते खचत नाही, असे. प्रार्थनेच्या शेवटी आम्ही 'आमेन' म्हणतो तो याच कुळातला. याच कुळात दाराच्या खांबांना एक शब्द आहे, आणि मुलाला कडेवर घेऊन वाढवणाऱ्या दाईलाही. कडेवरचे मूल कुठे चालले आहे हे त्याला ठाऊक नसते. बाजारात की डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायला, हेही त्याला कळत नाही. कोणाच्या कडेवर आहोत एवढे मात्र पक्के कळते. उगीच परक्याने घेऊन पाहावे, म्हणजे समजते!

इथवर वाचून एखादे रसिक वाचक म्हणतील, झकास. पण यादी इथे संपत नाही, आणि माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्याला जी वाक्ये गाळावीशी वाटतात ती नेमकी पुढे आहेत. हाच देव पुढे सांगतो की मी अपराधाकडे डोळेझाक करणारा नाही. बापाच्या पापाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते. मौज अशी की यहुदी प्रार्थनेत हे वाक्य मध्येच तोडतात. हिब्रूची रचनाच अशी आहे की 'निर्दोष सोडणार नाही' यातला नकार येण्याआधी थांबले तर 'निर्दोष सोडतो' असा अर्थ उरतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी देवासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या सोयीचा अर्धविराम शोधावा, हे मला फार माणुसकीचे वाटते. देवालाही ते चालत असावे, कारण लांब नाकाचा तोच.

पण गाळलेला भाग मला नको आहे असे मात्र नाही. ज्याला अन्याय पाहून कधीच राग येत नाही त्याच्यावर भरवसा कोण ठेवील? याच निर्गमाच्या पुस्तकात विधवांना आणि पोरक्यांना छळाल तर माझा राग भडकेल, अशी सक्त ताकीद आहे. आपल्याकडे किती घरांत माणूस गेल्यावर वर्षाच्या आत खोलीच्या वाटणीची भाषा सुरू होते, हे वाचकांना ठाऊक आहे. अशा वेळी त्या बाईला नुसता गोड देव काय कामाचा? राग उशिरा येतो तो भरवशाचा, कधीच येत नाही तो बेफिकीर. दोन्हींत अंतर आहे.

उलट, देवाचा राग फार उशिरा येतो अशी तक्रार करणारा एक प्रवक्ताही बायबलात आहे. त्याचे नाव योना. माशाच्या पोटात गेला तोच. निनवे शहर बुडणार म्हणून हा ओरडून आला, लोक पस्तावले, देवाने शहर वाचवले. आणि हे महाशय गावाबाहेर मांडव घालून फुरंगटून बसले. त्यांची तक्रार काय, तर तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, हे मला ठाऊकच होते! तेरा गुणांची ती यादी त्यांनी आरोपपत्रासारखी वाचून दाखवली आहे. शेजाऱ्याला माफी मिळाली की आपल्यालाही देवाचा हाच गुण खुपतो. असो.

आता बाईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू. स्वभाव कळला; पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस काढायचे कसे? याविषयी त्याच पुस्तकात मान्न्याची गोष्ट आहे. रानात लोक उपाशी. सकाळी दव उडाल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, पांढरे पसरलेले दिसले. लोक एकमेकांना विचारू लागले, "मान हू?" म्हणजे "हे काय?" त्यावरून त्याचे नाव मान्ना पडले. चाळीस वर्षे ते लोक 'हे काय' खाऊन जगले, ही कल्पना मला विलक्षण वाटते. नियम एकच, माणशी एक ओमर, म्हणजे त्या दिवसापुरते. ज्यांनी उद्याकरिता साठवले त्यांच्या साठ्यात सकाळी किडे पडले. शिधापत्रिकेच्या काळातून गेलेल्या घरांना साठेबाजीवरचा हा जालीम इलाज पटेल.

मात्र यावरून कोणी विम्याचे हप्ते थांबवू नयेत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची परवानगी होती आणि ते किडत नसे. शिवाय त्याच्या आधीच्याच पुस्तकात योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून दुष्काळाची सोय केली, त्याचे कौतुकच आहे. कोठार भरावे, पण कोठाराकडून जे मिळणार नाही ते त्याच्याकडे मागू नये. आणि ज्याच्या घरात दुःख आहे त्याने तर एका वेळी एका ओमरहून अधिक उचलू नये. पुढच्या पाडव्याला काय, त्याच्या पुढच्या पाडव्याला काय, हा हिशेब आज मांडला की त्यात रात्रीतून किडे पडतात. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती रोजची.

आमच्या मंडळ्यांत नववर्षाची आणखी एक रीत आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासना होते, आणि पुष्कळ ठिकाणी वचनांच्या चिठ्ठ्या काढतात. थाळीत शास्त्रवचने छापलेली छोटी कार्डे. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचे वर्षाचे वचन. लहान मुले तर आपले वचन सोडतीतल्या बक्षिसासारखे मिरवतात. मला या प्रथेचे कौतुक आहे आणि एक तक्रारही आहे. त्या थाळीत कधीही अवघड वचन नसते. सगळी कार्डे बरकतीची. निवड करणाऱ्यांनी बायबलातले गोड तेवढे वेचून घेतलेले असते, जसे काही जण चिवड्यातले काजू वेचतात.

वर्षाची वचने चिठ्ठ्या टाकून काढण्याचा एक जुना आणि ठसठशीत नमुना जर्मनीत आहे. सॅक्सनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरेव्हियन मंडळीत १७२८ साली रोज एक वचन घरोघर पोचवण्यास सुरुवात झाली. १७३१ सालासाठी ती वर्षभराची वचने पुस्तकरूपाने छापली, आणि तेव्हापासून तो क्रम चालू आहे. हे पुस्तक रोज वाचणाऱ्यांत डीट्रिख बोनहॉफर हा पाळक होता. हिटलरविरुद्धच्या कटाशी त्याचा संबंध होता. १९४३ च्या एप्रिलात त्याला पकडले. १९४४ च्या डिसेंबरात तो बर्लिनमध्ये गेस्टापोच्या तळघरातल्या कोठडीत होता. तिथून त्याने आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिले आणि त्यासोबत येणाऱ्या वर्षासाठी एक कविता पाठवली, तिच्यासाठी आणि आईवडिलांसाठी. त्या कवितेत आपण सुटणार असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. कडू प्याला आला तर तोही त्याच हातून घेऊ, आणि पुन्हा आनंद मिळाला तर तोही घेऊ, एवढीच तयारी आहे. १९४५ च्या ९ एप्रिलला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिले. दोन आठवड्यांनी अमेरिकन फौजा त्या छावणीत पोचल्या. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. ती कविता आज जर्मन देवळांत नववर्षाला गातात.

दोन आठवडे! हे वाचले की प्रत्येक वेळी माझा देवाशी वाद होतो. आणि तो वाद भरवशाच्या बाहेरचा आहे असे मी मानत नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतली कितीतरी रडगाणी आहेत, सरळ तक्रारी आहेत. बहुतेकांच्या शेवटी सूर बदलतो, आभार मानले जातात. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तसे नाही. रात्रंदिवस हाका मारूनही उत्तर नाही, जिवलग दूर गेले, आणि हिब्रूत त्या स्तोत्राचा शेवटचा शब्द आहे 'अंधार'. त्यापुढे काही नाही. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी त्याला खाली एखादी आशेची ओळ जोडून दिली नाही, काढूनही टाकले नाही. देवळात गायच्या गाण्यांतच ते ठेवले. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या नाकाच्या लांबीची खात्री असल्याशिवाय कोणी असे गाणे त्याच्या तोंडावर म्हणत नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मी वर्षाचे वचन काढायला सांगणार नाही; पाडव्याच्या दिवशी सगळीकडे पणत्या असताना हे स्तोत्र वाचावेसे वाटले, तर ते त्यांच्यासाठीही आहे, एवढेच कळवीन.

जर्मनी फार दूर वाटत असेल तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसून केडगावला उतरावे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाईंचे संस्कृत पांडित्य, शारदा सदन, त्यावरून पुण्यात झालेला गदारोळ, हे पुष्कळांना माहीत असते. मला इथे हवा आहे तो त्यांचा हिशेब. लहान वयात त्यांनी दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावली. भावाबरोबर देशभर पायी हिंडताना झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून घेतली. पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पतीही गेला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अशा बाईने भरवसा हा शब्द उच्चारला तर तो स्वस्तात मिळालेला नव्हता हे उघड आहे.

अमेरिकेत बोस्टनला १८८७ साली त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीची हमी दिली. त्या बळावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ही दहा वर्षे संपत आली होती. हिशेबी माणसाने अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी आणल्या. केडगावची पंगत दीड-दोन हजारांवर गेली. त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते. या गृहस्थाने माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथांची मोठमोठी घरे चालवली. रमाबाईंनीही तीच वाट धरली. पण प्रार्थना करून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला. मान्ना वेचायलाही सकाळी उठावे लागतेच.

त्या छापखान्यासाठी त्यांनी जे काम अंगावर घेतले ते मला सगळ्यांत मोठे वाटते. त्या वेळचे मराठी बायबल खेड्यातल्या, चार अक्षरे शिकलेल्या बाईला कळत नाही, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. वर सांगितलेले ते लांब नाकपुड्यांचे, गर्भाशयाचे, दाईचे सगळे शब्द त्यांच्या टेबलावरून गेले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीला कळेल असा मराठी शब्द प्रत्येकाला शोधायचा होता. हे काम वर्षानुवर्षे चालले.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. चाळीस वर्षांची होती. केडगावचा सारा कारभार तिच्या हाती सोपवून आपण जायचे, असा रमाबाईंचा बेत होता. तो बेत राहिला. कान तर पूर्वीच बधिर झाले होते. त्या पुन्हा टेबलाशी बसल्या आणि मुद्रिते तपासू लागल्या. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. पुस्तक पुरे छापून निघाले ते १९२४ साली, केडगावच्या त्याच छापखान्यात, जिथे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका आणि मुली असत.